कीपॅडची जागा बदलली आणि अलार्म बिथरला

लातूरचं एक दुमजली घर. घरफोडीचा अलार्म बसवून बरीच वर्षं झालेली. पॅनेल, म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात तो अलार्मचा मुख्य डबा, वरच्या मजल्यावर कपाटात. कीपॅड, म्हणजे कोड दाबायची बटणं आणि पडदा असलेला डबा, खाली मुख्य दाराला लागून पश्चिमेच्या बाजूला. शेजारच्या खिडकीतून दुपारी तीननंतर ऊन थेट कीपॅडवर यायचं. एप्रिल-मे महिन्यांत एलसीडीचा पडदा काळा पडायचा आणि संध्याकाळी पुन्हा ठीक व्हायचा. बहुतेक कीपॅडच्या माहितीपत्रकात चालण्याची कमाल मर्यादा ५० अंशांच्या आसपास लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशीच्या पुढे असतो, तिथे उन्हात तापलेला प्लास्टिकचा डबा ही मर्यादा सहज ओलांडतो. शिवाय फाटकातून पाहिलं तरी कीपॅडचा लाल-हिरवा दिवा दिसायचा, म्हणजे अलार्म लावलेला आहे की नाही हे रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं. रंगकाम निघालं तेव्हा कीपॅड आत, जिन्याच्या पायथ्याशी न्यायचं ठरलं. जागा चांगलीच निवडली होती. घरच्या नेहमीच्या वायरमनने तार वाढवून कीपॅड तिथे बसवला, आणि तिथून कटकटी सुरू झाल्या.

घरच्यांच्या तक्रारी तीन होत्या. बटणं कधी लागू होतात, कधी होत नाहीत. लाईट गेली की कीपॅड बंद पडतो, लाईट आली की बीप-बीप करत उठतो. आणि बाहेरून घरी आलं की दार उघडून दोन पावलं टाकायच्या आत भोंगा सुरू. चौथा दोष कोणाच्या लक्षात आला नव्हता, आणि सगळ्यांत वाईट तोच होता.

तपासणीला गेलो तेव्हा तिसऱ्या तक्रारीवर मी एकच प्रश्न विचारला : "काका, भोंग्याच्या आधी कीपॅड टीं-टीं वाजतो का?"

"नाही की. थेट भोंगाच."

हे उत्तर फार कामाचं. मुख्य दार उघडल्यावर कोड दाबायला जो वेळ मिळतो, त्यात कीपॅडने सतत वाजत राहायला हवं. ते वाजत नाही, याचा अर्थ दार उघडल्याचं पॅनेलला कळतच नाही. हे तेव्हाच कागदावर टिपलं, पण तपासणी तिथून सुरू केली नाही. आधी तार.

या घरातलं पॅनेल डीएससी या कंपनीच्या पॉवर सिरीजचं आहे, म्हणून पुढचे आकडे आणि प्रोग्रॅमिंगचे क्रमांक त्याचे आहेत. दुसऱ्या पॅनेलमध्ये ते वेगळे असतील. तपासण्याची पद्धत मात्र तीच राहते.

पॅनेलमधल्या तारांना हात लावण्याआधी भोंगा गप्प करायचा. आधी ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू बंद केली, मग बॅटरीची लाल तार काढली. त्यानंतर बेल टर्मिनलवरून भोंग्याच्या दोन्ही तारा सोडवून त्यांच्या जागी १ किलोओहमचा रेझिस्टर लावला, पट्टे तपकिरी-काळा-लाल. हा रेझिस्टर लावला नाही तर भोंग्याची तार तुटली असं समजून पॅनेल बिघाडाचा दिवा लावतं, आणि खरा बिघाड शोधताना हा खोटा दिवा डोक्याला ताप होतो. ज्या भोंग्यात स्वतःची बॅटरी असते, तो मात्र तार काढताक्षणी केकाटतो. तसा असेल तर शिडी आधी त्याच्याकडे न्यावी. त्यानंतर टर्मिनलचे फोटो काढले. वाढवलेल्या तारेचे रंग मूळ तारेशी क्वचितच जुळतात. इथेही लाल, काळा, पिवळा, हिरवा पुढे जाऊन नारिंगी, निळा, तपकिरी, पांढरा झाले होते. कोणता रंग कोणत्या रंगाला जोडलाय हे कागदावर लिहिल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये.

चार तारांचं काम समजून घेतलं की निम्मी तपासणी तिथेच होते. लाल आणि काळी कीपॅडला वीज देतात, साधारण १३.७ व्होल्ट डीसी. पिवळी आणि हिरवी पॅनेल-कीपॅडमधला संवाद वाहतात. लाल-काळ्यात खोट असेल तर कीपॅड मंद दिसतो, बंद पडतो किंवा पुन्हापुन्हा सुरू होतो. पिवळी-हिरवी अदलाबदल झाली किंवा त्यांतली एक तुटली, तर दिवे झकास लागतात आणि बटणांना उत्तर येत नाही. अदलाबदलीने सहसा काही जळत नाही. पण लाल तार पिवळी किंवा हिरवीला चिकटली तर पॅनेलचा डेटा भाग कायमचा जाऊ शकतो, म्हणून तारांचं काम करताना ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी दोन्ही बंदच हवेत. नुसता स्विच बंद करून भागत नाही, बॅटरी जागीच असते.

पहिली खरी चाचणी अगदी साधी. कीपॅड भिंतीवरून काढला, वर पॅनेलपाशी नेला आणि अर्धा मीटर नव्या तारेने थेट टर्मिनलला जोडला. वीज दिली. सगळी बटणं चालली, ट्रान्सफॉर्मर बंद केला तरी कीपॅड हलला नाही. म्हणजे पॅनेल धडधाकट, कीपॅडही धडधाकट, दोष मधल्या तारेत. या पाच मिनिटांच्या कामाला बरेच जण कंटाळतात आणि थेट प्रोग्रॅमिंगमध्ये शिरतात. घरात कोणीतरी "रिसेट मारून बघू का" असंही सुचवलं होतंच. मूळ स्थितीला रिसेट केलं की कोणता झोन (पॅनेल वेगळा ओळखतं तो एकेका दाराचा किंवा सेन्सरचा भाग) कोणत्या दाराचा, कोणाचा कोड काय, किती सेकंदांची मुदत, सगळं पुसलं जातं. तारेतला दोष जिथल्या तिथे राहतो, आणि वर आख्खं प्रोग्रॅमिंग पुन्हा करायची वेळ येते. कीपॅड तोच असेल तर त्याचा स्लॉट क्रमांक, म्हणजे पॅनेल त्याला ज्या क्रमांकाने ओळखतं तो, कीपॅडमध्येच साठवलेला असतो, जागा बदलल्याने तो बदलत नाही. तेव्हा नुसत्या स्थलांतरासाठी प्रोग्रॅमिंगला हात लावायचं काही कारण नाही. कीपॅड नवा आणला असेल किंवा दुसरा वाढवला असेल तर गोष्ट वेगळी : दोन कीपॅड एकाच स्लॉटवर आले की दोघंही वेड्यासारखे वागतात.

आता तार. वायरमनचं म्हणणं होतं की कीपॅडच्या टोकाला व्होल्टेज बरोबर येतंय, त्याने मोजलं होतं. खोटं नव्हतं ते. कीपॅड काढून मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावला तर १३.६ आले. कीपॅड जोडला, पडद्याचा मागचा उजेड लागला आणि तेच दोन स्क्रू पुन्हा मोजले तर आकडा ९.९ वर उतरला. पॅनेलच्या टोकाला त्याच वेळी १३.७ होते.

कारण असं. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून केसाएवढ्या संपर्कावर टिकलेला जोडही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कीपॅड उजेडासह साधारण ११० मिलिअँपिअर ओढतो. वाटेत ३० ओहमचा खराब जोड असेल तर तेवढ्याच करंटला तिथे सव्वातीन व्होल्ट खर्ची पडतात. लाईट गेल्यावर पॅनेल बॅटरीवर येतं, १३.७ चे १२.४ होतात, आणि कीपॅडपाशी ८.७ उरतात. तेवढ्यावर तो तग धरत नाही. दुसऱ्या तक्रारीचं हे पूर्ण स्पष्टीकरण आहे, आणि पहिल्या तक्रारीचंही बरंचसं. म्हणून कीपॅडचं व्होल्टेज कीपॅड जोडलेला असताना, उजेड लागलेला असताना आणि ट्रान्सफॉर्मर बंद करून, असं तिन्ही अटी पाळून मोजावं. मोकळ्या तारेवरचा आकडा वहीत लिहूसुद्धा नये.

लांबीमुळे व्होल्टेज पडलं असेल, ही शंका लगेच येते. हिशेब करून पाहावा. अलार्मला सर्रास वापरतात ती ७/०.२ ची तार, म्हणजे ०.२ मिलिमीटर जाडीच्या सात बारीक तारांची एक. शुद्ध तांब्याची असेल तर तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८ ओहम. इथे पॅनेलपासून जुन्या जागेपर्यंत १४ मीटर आणि पुढे वाढवलेली ८, एकूण २२. जाऊन-येऊन ४४ मीटरचे साडेतीन ओहम, आणि ११० मिलिअँपिअरला पडणारं व्होल्टेज ०.४. म्हणजे एवढ्या घरात लांबीला दोष देताच येत नाही. डीएससी तर कीपॅडची तार ३०५ मीटरपर्यंत चालते असं सांगतं, अर्थात जाडी आणि भार पाहून. चार व्होल्ट गायब होत असतील तर त्यामागे जोडच असतो.

तारेची दोन्ही टोकं मोकळी केली, खालच्या टोकाला लाल-काळी एकत्र पिळली आणि वर ओहम मोजले. यायला हवे होते साडेतीन-चार, आले ३४. मीटरच्या स्वतःच्या दांड्यांचे अर्धा ओहम असतात, ते वजा करायचे. मग टोकं सुटी करून प्रत्येक जोडीत रोध पाहिला : लाल-काळी, लाल-पिवळी, काळी-हिरवी अशा सगळ्या. मोकळ्या तारांत काहीच दिसायला नको. इथे काळी आणि हिरवीमध्ये काही किलोओहम दाखवत होते आणि आकडा एका जागी ठरत नव्हता. असा सरकता आकडा ओलाव्याचा असतो. ही मोजणी मल्टिमीटरवरच करावी. मेगर, म्हणजे तारांचं आवरण तपासायचं यंत्र, काढला तर शेकडो व्होल्ट जातात, आणि पलीकडे चुकून काही जोडलेलं राहिलं असेल तर ते गेलंच.

जोड नेमका कुठे, हे शोधायला भिंत फोडायची गरज नसते. कीपॅड जोडून चालू ठेवायचा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा आणि एकाच तारेवर जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी दांडी टेकवायची. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. जुन्या जागेच्या बॉक्समध्ये काळ्या तारेच्या जोडावर दिसले ३.१ व्होल्ट. पण त्याआधी तो बॉक्स शोधावा लागला, कारण रंगाऱ्याने त्यावर पुट्टी ओढून भिंत एकसारखी केली होती.

बॉक्स उकरल्यावर जे दिसलं ते मराठवाड्यातल्या किती घरांत असेल कोण जाणे. तारा नुसत्या पिळलेल्या, वर काळी टेप, टेपचा डिंक उन्हाने वितळून सुटलेला, आत ओली पुट्टी शिरलेली. तांब्यावर हिरवट-काळा थर. वाढवलेल्या तारेचं टोक ब्लेडने खरवडलं तर आतून पांढरं निघालं. म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. बाजारात कॅट-सिक्स या नेटवर्क केबलच्या नावाने स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबली अशा असतात. त्यांचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, स्क्रूखाली दाबल्या की मोडतात, आणि तांबं, अ‍ॅल्युमिनिअम, ओलावा असे तिघं एकत्र आले की अ‍ॅल्युमिनिअम गंजत जातं. विकत घेताना ब्लेडने खरवडून पाहणं आणि चुंबक लावणं या दोन परीक्षा दुकानातच कराव्यात. चुंबकाला चिकटली तर आत लोखंड, ती सरळ परत.

सगळ्यांत चांगलं म्हणजे पॅनेलपासून नव्या जागेपर्यंत एकसंध तार. तसा प्रयत्न केला : जुन्या तारेला नवी बांधून वरून ओढली, पण भिंतीतल्या नळीत एका वळणावर ती अडली. जोर केला तर जुनीही तुटते आणि हाती काहीच राहत नाही, म्हणून तो नाद सोडला. मूळ १४ मीटरचा तुकडा स्वतंत्र मोजला, तो स्वच्छ होता. तोच ठेवून पुढे शुद्ध तांब्याची सहा तारांची केबल टाकली. चारच लागतात, पण दोन जास्त असू द्याव्यात. पुढे दाराच्या झोनसाठी त्याच उपयोगी पडल्या. नवी केबल केसिंग पट्टीतून नेली, मात्र पंख्याच्या आणि दिव्यांच्या तारा ज्या पट्टीत होत्या तिच्यातून नाही. २३० व्होल्टच्या तारांना समांतर जायचं असेल तर ३० सेंटिमीटर अंतर ठेवावं, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडावं.

जोडाचं काम असं : प्रत्येक टोक १२ मिलिमीटर सोलून घ्यायचं. हीट-श्रिंक नळीचा तुकडा आधीच तारेत ओवून ठेवायचा. मग तारा पिळून ६०-४० कथलाचं सोल्डर आतपर्यंत भिनू द्यायचं, आणि थंड झाल्यावर नळी वर आणून आकसायची. चारही जोड एका रेषेत आणू नयेत, दोन-दोन सेंटिमीटर पुढे-मागे ठेवावेत, म्हणजे एखादी नळी फाटली तरी शेजारच्याला शॉर्ट होत नाही. सोल्डर जमत नसेल तर टेलिफोनवाल्यांचे जेली भरलेले दाबायचे कनेक्टर मिळतात, पण ते एकसंध तारेसाठी आहेत. बारीक तारांच्या गुच्छावर ते नीट धरत नाहीत.

पुन्हा मोजणी. लाल-काळी मिळून चार ओहम. कीपॅड जोडून, उजेडासह १३.३ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर बंद करून १२.०. पिवळ्या-हिरव्यावर साध्या मीटरला नेमका आकडा मिळत नाही, कारण तिथे संदेशांची ये-जा चालू असते. पण पॅनेलच्या टोकाला आणि कीपॅडच्या टोकाला साधारण सारखंच उड्या मारताना दिसायला हवं. वर उड्या आणि खाली स्थिर शून्य असेल तर ती तार तुटली. इथे दोन्हीकडे सारखं होतं, आणि बटणं निमूट चालू लागली.

एवढं झाल्यावर बिघाडाचा पिवळा दिवा विझायला हवा, अशी घरच्यांची अपेक्षा. तो लगेच विझत नाही. स्टार आणि २ दाबून यादी पाहिली : १ आणि ८ हे आकडे आले. ८ म्हणजे घड्याळ हरवलं. वीज पूर्ण काढल्यावर हे होणारच. स्टार, ६, मालकाचा कोड आणि १ दाबून तास, मिनिटं, महिना, दिवस, वर्ष या क्रमाने भरलं की जातं. महिना आधी, दिवस नंतर. आपल्या सवयीने उलट भरलं तर ते तारीख घेत नाही किंवा चुकीची घेते. १ म्हणजे सेवा आवश्यक. त्याच्या आत पुन्हा १ दाबल्यावर ५ दिसला, म्हणजे नोंदणीतलं एक उपकरण जागेवर सापडत नाही. मधल्या काळात कोणीतरी दुसऱ्या घरचा कीपॅड आणून लावून पाहिला होता, तो वेगळ्या स्लॉटवर नोंदला गेला आणि काढून नेल्यावर पॅनेल त्याला शोधत बसलं. इन्स्टॉलर प्रोग्रॅमिंगमध्ये ९०२ हा विभाग उघडला की पॅनेल नव्याने हजेरी घेतं. एक मिनिट थांबायचं, मग ९०३ मध्ये कोण कोण सापडलं ते पाहायचं. यासाठी इन्स्टॉलर कोड लागतो. ज्याने अलार्म बसवला त्याच्याकडून तो पहिल्याच दिवशी लिहून घेतलेला असावा. दहा वर्षांनी तो माणूस आणि त्याचं दुकान, दोन्ही सापडत नाहीत.

आता दाराचं. डीएससीच्या कीपॅडला स्वतःचा एक झोन टर्मिनल असतो. मुख्य दाराचा चुंबकी संपर्क, म्हणजे दार उघडलं की सुटणारा स्विच, कीपॅडच्या शेजारीच असल्याने मूळ बसवणाऱ्याने त्याच्या दोन तारा पॅनेलपर्यंत न नेता कीपॅडच्या झोन आणि काळ्या टर्मिनलमध्ये दिल्या होत्या. तार वाचवणारी चांगली युक्ती. पण कीपॅड आत गेला आणि दार तिथेच राहिलं. वाढवायला चारच तारा होत्या, त्या कीपॅडलाच लागल्या. दाराच्या तारा सुटल्यावर झोन उघडा दिसू लागला आणि अलार्म लावता येईना. मग त्या रिकाम्या टर्मिनलवर ५.६ किलोओहमचा रेझिस्टर थेट कीपॅडच्या मागेच लावून दिला गेला. झोन बंद, हिरवा दिवा चालू, सगळे खूश. प्रत्यक्षात मुख्य दार सताड उघडलं तरी पॅनेलच्या लेखी ते बंदच. ज्या दारावर कटावणी लागण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमकं तेच पहाऱ्याबाहेर. वरून अलार्म लावताना कीपॅड ‘तयार’ म्हणतो, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही.

हा रेझिस्टर झोनच्या शेवटी, म्हणजे दारावरच्या संपर्कापाशी, त्याच्याशी मालिकेत हवा. तरच मधली तार कापली किंवा शॉर्ट केली तर पॅनेलला कळतं. डीएससीला ५.६ किलोओहम, पट्टे हिरवा-निळा-लाल. हनीवेलच्या व्हिस्टा पॅनेलला २ किलोओहम आणि पॅराडॉक्सला १ किलोओहम लागतो, तेव्हा खिशातला हाती लागेल तो लावून चालत नाही. नव्या केबलमधल्या उरलेल्या दोन तारा जुन्या बॉक्सपर्यंत आल्याच होत्या. तिथे दाराच्या संपर्काच्या तारा सोल्डर केल्या आणि रेझिस्टर दाराच्या चौकटीत नेला. कीपॅडच्या टोकाला, झोनच्या तारा सुट्या ठेवून मोजलं : दार बंद, ५.६ किलोओहम, दार उघडं, काहीच नाही. दोन्ही वेळा ५.६ आले तर संपर्क अडकलाय किंवा रेझिस्टर चुकीच्या जागी आहे. जुनं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, म्हणून चुंबक आणि संपर्क यांच्यातलं अंतरही पाहिलं. बंद दारात ते एक सेंटिमीटरच्या आत आणलं.

दार कळू लागलं तरी तिसरी तक्रार पूर्ण मिटली नाही. आता टीं-टीं सुरू व्हायचं, पण हॉल ओलांडताना भोंगा वाजायचाच. हा दोष तारेचा नाही, जागेचा आहे. पूर्वी कीपॅड दाराशीच असल्याने हॉलच्या पीआयआर, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या, सेन्सरसमोर न जाता कोड दाबता येत होता, म्हणून तो सेन्सर ‘तत्काळ’ प्रकारात ठेवला होता. आता कीपॅडकडे जायची वाटच त्याच्या समोरून जाते. इन्स्टॉलर प्रोग्रॅमिंगच्या ००१ विभागात त्या झोनचा प्रकार ०३ वरून ०५ केला. ०५ म्हणजे आतला झोन : दार आधी उघडलं असेल तर तो मुदत संपेपर्यंत थांबतो, खिडकीतून कोणी थेट हॉलमध्ये उतरलं तर लगेच वाजवतो, आणि रात्री घरात माणसं असताना लावलेल्या अलार्ममध्ये आपोआप वगळला जातो. काही जण अशा वेळी हॉलच्या सेन्सरलाही ०१, म्हणजे दारासारखी मुदत देऊन टाकतात. ते करू नये. खिडकीतून आलेल्या चोरालाही मग तीस सेकंद फुकट मिळतात. मुदत ००५ विभागात असते. आत येण्याची ३० सेकंद होती, ती कुलूप, सामान आणि घरातल्या वयस्कर माणसांच्या चालीचा विचार करून ४० केली. मोजून पाहावी, अंदाजाने वाढवत नेऊ नये.

टॅम्परचा, म्हणजे कीपॅड भिंतीवरून उचकटला तर कळवणाऱ्या स्विचचा, त्रास इथे नव्हता, पण जागा बदललेल्या कीपॅडमध्ये तो इतका नेहमीचा आहे की तपासला. कीपॅडच्या मागे एक बारीक स्प्रिंग किंवा स्विच असतो, तो पाठीच्या पत्र्यावर किंवा भिंतीवर दाबला गेला पाहिजे. खडबडीत गिलावा, टाइलची कड, किंवा मागे पोकळ मॉड्युलर बॉक्स असला की तो अर्धवट दाबला जातो आणि मनात येईल तेव्हा सुटतो. मागे पातळ प्लास्टिकची चकती सरकवून भागतं. टेपने स्विच कायमचा दाबून टाकणं म्हणजे तो काढून टाकल्यासारखंच. तार ज्या भोकातून येते ते सिलिकॉनने बुजवलं. आपल्याकडे मुंग्यांना अशी उबदार जागा लगेच सापडते.

उन्हाळ्यात असं काम निघालं की आणखी एका गोष्टीकडे पाहावं. कीपॅड हलवला त्याच आठवड्यात कूलर सुरू झालेला असतो, त्याच्या वाऱ्याने पडदा हलतो, आणि पीआयआर सेन्सर रात्री भोंगा वाजवतो. दोष मात्र कीपॅडच्या माथी मारला जातो. पॅनेलच्या आठवणीत कोणता झोन वाजला ते राहतं, स्टार आणि ३ दाबून पाहता येतं. ते न पाहता स्क्रू ड्रायव्हर उचलण्यात अर्थ नाही.

बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची होती, कपाटात बंद आणि वर तापलेला स्लॅब. अशा बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने लिहिलेलं असतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्म्यावर येतं. चार्जरला जोडलेली असताना मेलेली बॅटरीही साडेतेरा व्होल्ट दाखवते, म्हणून ट्रान्सफॉर्मर बंद करून अख्खी यंत्रणा तिच्यावर एक तास चालवली. पहिल्या काही मिनिटांत दिसणारे १२.४ तासाभरात ११.३ वर आले, तेव्हा बदलली. पूर्ण यंत्रणा साधारण ३०० मिलिअँपिअर ओढते. नव्या बॅटरीवर कागदोपत्री तेवीस तास निघतात, प्रत्यक्षात कमी धरावेत. ट्रान्सफॉर्मर ज्या सॉकेटवर होता त्याला भिंतीवर स्विच होता, आणि झोपताना तो बंद करायची घरात कोणाची तरी सवय. तो स्विच काढून सॉकेट थेट केला आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला.

फोन करणारा जीएसएम डायलर टूजीवरचा आहे. त्यात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टूजी नाही. आतल्या सिमची वैधता संपलेली निघाली. रिचार्ज करून ज्या नंबरांवर फोन जायला हवा त्या सगळ्यांवर गेल्याची खात्री केली.

शेवटी वीज काढून भोंगा परत जोडला, १ किलोओहमचा रेझिस्टर आठवणीने काढला, शेजारी सांगून ठेवलं आणि प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी उघडून, प्रत्येक सेन्सरसमोरून चालून पाहिलं. घरच्या काकूंनी बाहेर जाऊन, कुलूप उघडून, हातात पिशवी घेऊन स्वतः कोड दाबला : २६ सेकंद. जुन्या जागेचा बॉक्स पुन्हा पुट्टीखाली जाऊ दिला नाही. त्यावर दोन स्क्रूंची कोरी प्लेट बसवली, आणि पॅनेलच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवला : जोड कुठे आहे, कोणता रंग कोणाला, झोन कोणता कशाचा, बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली.